खुबा संयुक्त झालाच पाहिजे

माझी जीभ पहिल्यापासून लांब. आमचे हे म्हणायचे, "सुभद्रे, तू जरा गप्प बसलीस तर गिरणीचा भोंगा ऐकू येईल गो." त्या जिभेपायीच एकदा माझा घात होत आला होता, आणि एका बाईनं मला त्यातून ओढून काढलं. तिचं नाव घेतल्याशिवाय आजही मी तवा चुलीवर ठेवत नाही.

लालबागला आमची खानावळ. खानावळ म्हणजे काय, चाळीतली एक खोली. बायकापोरं गावी ठेवून गिरणीत राबणारे बापये पाळीप्रमाणे यायचे, भिंतीला पाठ लावून बसायचे, आणि मी चुलीपुढे उकिडवी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची. चूल, परात, पाटावरवंटा, सगळा संसार जमिनीवर. त्यात माझा उजवा खुबा दुखायला लागला. आधी उठताना कळ यायची, मग बसताना, मग नुसती कूस बदलली तरी डोळ्यांपुढे काजवे. तेल झालं, शेक झाला, बिब्बा झाला. एक दिवस परातीपुढे बसले ती उठताच येईना. सीताराम म्हणून आमचा जुना जेवणारा, त्यानं आणि ह्यांनी बखोटीला धरून मला उभी केली. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली आणि सगळे उपाशीच कामावर गेले. खुब्यापेक्षा मला त्याचंच जास्त रडू आलं.

मग इस्पितळ. फोटो काढला. मोठे डॉक्टर आले, गोरेपान, बोलणं एकदम पुस्तकी. फोटो उजेडात धरून म्हणाले, "बाई, हा सांधा पार झिजलाय. आपण ही दोन्ही हाडं संयुक्त करून टाकू. दुखणं कायमचं जाईल."

आता तुम्हीच सांगा. ते दिवस कसले! भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्र, पोरांच्या खेळात संयुक्त. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा आमच्याच चाळीतलं एक उमदं पोर गेलं होतं. त्याच्या आईला मी सावरलं होतं, तेव्हापासून हा शब्द ऐकला की माझं रक्त उसळायचं. संयुक्त म्हणजे चांगलंच असणार, मोडलेलं सगळं पहिल्यासारखं जुळून येणार, असं मी धरून चालले. खाटेवरून हात वर करून ओरडले, "झालंच पाहिजे!"

अख्ख्या वॉर्डातल्या बायकांनी साथ दिली. मोठे डॉक्टरसुद्धा हसले. माझा होकार समजून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या डॉक्टरीणबाई आल्या. लतिकाबाई. गिरगावातल्या जुन्या खानदानी घरातल्या, पण बोलायला गोड. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता सहज विचारलं, "मग सुभद्राबाई, घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करणार?"

"काय करणार म्हणजे? चुलीपुढे बसणार. तुम्ही या जेवायला. तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं करते."

त्यांचा हात थांबला. "बसणार? जमिनीवर?"

"मग काय माळ्यावर?"

"तुमच्या पायाचं काय करणार आहेत, ते कळलंय ना तुम्हाला?"

"कळलंय तर! संयुक्त करणार."

"हो, पण संयुक्त म्हणजे काय?"

मला हसूच आलं. एवढी शिकलेली बाई आणि मलाच विचारते! पण त्या हसल्या नाहीत. एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यात धरली आणि फिरवून दाखवली. "हा मांडीच्या हाडाचा गोळा, ही कमरेतली वाटी. गोळा वाटीत फिरतो म्हणून पाय दुमडतो. आता ही दोन्ही हाडं एकजीव करायची. मग दुखणार नाही, दिवसभर उभ्या राहू शकाल. पण तिथे पाय पुन्हा कधी वाकणार नाही. उकिडवं बसता येणार नाही, मांडी घालता येणार नाही."

मी दंडावरचा पट्टा ओढून काढला. आणि मग जीभ सुटली. "मेलं ते संयुक्त! मला नको! माझी हाडं वेगळीच राहू देत!"

 शेजारच्या खाटेवरच्या रमाबाई कुजबुजल्या, "अगो, हळू बोल. कुणी ऐकलं तर म्हणेल, ही फुटली."

लतिकाबाईंना म्हणता आलं असतं की बाई, काल तर हात वर केला होतात. नाही म्हणाल्या. तशाच गेल्या आणि मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. ते कपाळाला आठ्या घालूनच आले. "काल तर घोषणा दिलीत तुम्ही!"

"सर, त्या खानावळ चालवतात," लतिकाबाई म्हणाल्या. "सगळं काम खाली बसून."

डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग स्टूल ओढून बसले आणि साध्या मराठीत नीट समजावलं. हाड कापून थोडं सरकवतात, त्यानं काहींचं दुखणं कमी होतं, पण माझा सांधा त्यापलीकडे गेला होता. गोळ्यावर धातूची वाटीही बसवतात, पण मग मांडी घालता येईल याचा भरवसा नाही. आणि तिसरा उपाय म्हणजे झिजलेला गोळाच काढून टाकायचा. "दुखणं बरंच जाईल, बसताही यायला हवं. पण पाय आखूड होईल, जोर कमी पडेल. लंगडाल, आणि काठी जन्माची. विचार करा. घरच्यांशी बोला."

संध्याकाळी हे आले. सगळं ऐकून मान खाली घालून बसले. "लोक लंगडी म्हणतील गो तुला."

"म्हणू देत. लंगडीच्या हातची भाकरी चालेल ना तुम्हाला?"

ह्यांनी डोळे पुसले. "चालेल काय, धावेल."

गोळा काढला. पायाला वजन बांधून मला कितीतरी आठवडे उताणी ठेवलं. तेव्हा मी सगळ्यांना शिव्या घातल्या, देवालाही सोडलं नाही. लतिकाबाई रोज येऊन त्या ऐकून घ्यायच्या, आणि पुढे काठी धरून चालायलाही त्यांनीच शिकवलं. सख्खी बहीण करणार नाही एवढं त्यांनी केलं.

घरी आले, पण चुलीपुढे बसायचा धीर होईना. शेजारीण भाकऱ्या करून द्यायची आणि मी खुर्चीत बसून तिच्या चुका काढायची. न जाणो, बसताच आलं नाही तर? मग हा पाय कशाला आखूड करून घेतला? हा प्रश्न मी रोज उद्यावर ढकलत होते.

अशात मेचा पहिला दिवस उजाडला. महाराष्ट्र झाला! लालबागला घरोघर तोरणं, पताका, गुलाल. आणि त्या गर्दीतून वाट काढत लतिकाबाई दारात. "जेवायला बोलावलं होतंत ना?"

आता कुठे तोंड लपवू? शेजारीण मिरवणुकीला गेलेली. मी काठी भिंतीला टेकवली, ह्यांचा खांदा धरला आणि हळूहळू खाली गेले. खुबा कुरकुरला, जरा ओढला, आणि वाकला. देवा रे, वाकला! पाटावर टेकले आणि पदर तोंडाला लावून रडले. मग डोळे पुसले आणि पीठ मळायला घेतलं.

लतिकाबाई समोरच्या पाटावर मांडी घालून बसल्या. त्यांचेही डोळे भरलेले, पण थट्टा करायची सोडतात थोड्याच! "काय सुभद्राबाई, झालं ना संयुक्त?"

"महाराष्ट्र झाला," मी म्हटलं. "खुबा नाही झाला, ही तुमची कृपा."

तव्यावर पहिली भाकरी टम्म फुगली. ती मी त्यांच्या ताटात वाढली, बसल्या जागेवरून.