स्टँड अप्पांचं झालं

बीडच्या रजिस्ट्री ऑफिसशेजारच्या सायकल स्टँडवर सोमेश्वरअप्पांचा एक डोळा कायम असे; दुसऱ्या डोळ्यानं ते समोरच्या आपल्या दुकानात कापड मोजत. स्टँड रुद्रेशचं. शहाऐंशी साली त्यानं नगरपालिकेचा ठेका घेतला तेव्हा या गड्याच्या अंगावर अप्पांच्याच दुकानातल्या कटपीसचा सदरा होता. दहा वर्षांत त्यानं बायपासला प्लॉटचे दोन लेआऊट पाडले, कपिलधारच्या यात्रेसाठी पाण्याची टाकी देऊन तिच्यावर नाव घातलं. एवढ्यानं भागलं नाही म्हणून अप्पांच्या दुकानावरचा मजला विकत घेऊन तिथं ऑफिस थाटलं. वर त्यानं खुर्ची सरकवली की खाली अप्पांच्या काळजात करकर व्हायची.

"दिवसाला अडीचशे सायकली, साठ स्कूटरी," अप्पा जेवताना बायकोला सांगत. "सगळं त्या स्टँडचं देणं हाय. रजिस्ट्रीला येणारा जमीनवाला पयला तिथंच सायकल लावतो."

"बिल्ले वाटून कुनाचे बंगले झालेत व्हय?" गंगासागर म्हणाली. "त्यो मानसाशी बोलतो. तुमी गिऱ्हाइकाला बसा बी म्हणत न्हाई."

शहाण्णवला स्टँडच्या ठेक्याच्या लिलावात अप्पांनी बोली अशी चढवली की कारकुनानं चष्मा काढून त्यांच्याकडं पाहिलं. रुद्रेश दोनदा बोलला आणि खाली बसला. बाहेर आल्यावर वाकून नमस्कार करत म्हणाला, "शरणार्थ, अप्पा. तिथं रांजण तेवढा भरलेला ठेवा."

अप्पांनी दुकानावर लेकाला बसवलं आणि स्वतः स्टँडवर खुर्ची टाकली. रांजण कोरडाच राहिला. पाणी पाजायला ती काय पाणपोई होती? सायकली आल्या, स्कूटरी आल्या. जमीन विकणारा मात्र महिनाभरात एकही अप्पांपाशी थांबला नाही.

मग एका दुपारी धारूरकडचा शहादेव आला. काखेत कागदांची पिशवी, घामेजल्या हातात सायकल. अप्पांनी मान वर न करता बिल्ला पुढं केला.

"रुद्रेशशेठ कुठं हायत? बायपासची जमीन काढायचीय."

अप्पांचे कान टवकारले. "रुद्रेश गावाला गेलाय. आठ दिवस येत न्हाई. किती एकर हाय?"

"तुमाला कशापायी?"

"मीच घेईन की."

शहादेवानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मागल्या साली बायकोला दवाखान्यात आनलंतं. सायकल इथंच लावलीती. त्या मानसानं तिचं नाव इचारलं, च्या पाजला. आज तुमी बिल्ला दिला, पर त्वांड न्हाई उघडलं. अन् आता एकर इचारता?"

"अरे, धंद्यात—"

"अन् गावाला गेलाय म्हनता, मग त्यो वर कोन उभा हाय?"

अप्पांनी वळून पाहिलं. त्यांच्याच दुकानावरच्या गॅलरीत रुद्रेश कठड्याला टेकून उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"शहादेवबाबा, या वर," तो हाक मारून म्हणाला. "वहिनींची तब्येत कशी हाय आता?" मग जरा थांबून, तितक्याच अदबीनं, "अप्पा, त्यांची सायकल सावलीत घ्या जरा. ट्यूब जुनी हाय, उन्हानं फुटंल."

शहादेव पिशवी सावरत रस्ता ओलांडून गेला. अप्पा उठले, आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि सायकल लिंबाखाली नेऊन लावली.