सात दारांतून जाणारी बाई

“सारखं दिसेल ते शेजारी ठेव. का, ते विचारू नकोस.” मला घडवणाऱ्या चित्रकार बाईंनी पहिल्याच दिवशी असं बजावलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. चित्रपटांतली सारखी दृश्यं शोधून पडद्यावर शेजारी शेजारी मांडायची, हे माझं काम. बाईंनी हजारभर चित्रपट माझ्या पोटात भरले आणि कलादालनातल्या या बिनखिडकीच्या खोलीत, काळ्या पेटीत मला बसवून कुलूप लावलं. आधी लोक दाटीवाटीने उभे राहत. मग बाकही रिकामा पडला. मी नेम मोडला नाही. चित्रपटांतली दार उघडून बाहेर पडणारी चारशे माणसं रोज पडद्यावर मांडली. माझं दार मात्र कोणी उघडलं नाही.

आज सकाळी तंत्रज्ञ चाव्या घेऊन आला. “मावशी, आवरा. हे कायमचं बंद करायचंय.”

फरशी पुसणाऱ्या मावशी पडद्यापुढे खिळल्या होत्या. सात चित्रपट, सात दारं, गर्दीतली एकच बाई. डाव्या हातात बादली, उजवं कोपर बाहेर. जाताना एकदा मागे वळून पाहणारी.

“अगंबाई! ही तर आमची आई!”

“सकाळी सकाळी थट्टा करता का मावशी?”

“थट्टा आम्ही केली रे तिची. बिचारी सांगायची, मी सिनेमात आहे. आम्ही म्हणायचो, हो गं हिरॉईन, आधी भांडी घास. शेवटी तिने विषयच सोडला. पाचपर्यंत थांब. ऐंशीची आहे, पण तिला आणते, शब्द देते.”

“अहो, ऐंशीच्या बाईंना हे जिने झेपतील?”

“पाठुंगळी घेईन.”

बोलता बोलता त्यांनी बादली उचलली. डाव्या हातात. उजवं कोपर बाहेर. तंत्रज्ञाने पडद्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि चाव्या खिशात टाकल्या.

“पाच म्हणजे पाच हं!”

मित्रांनो, मला नुसता सारखेपणा दिसतो. ही कोणाची कोण, हे सांगायला माणूस यावा लागतो. म्हणून एखादं जुनं यंत्र बंद करण्याआधी घटकाभर त्याच्यापुढे बसा. माझा पंखा घरघरतोय, पेटी तापलीय. पाचपर्यंत तग धरू दे, एवढंच देवाकडे मागणं.

मावशींनी बादली कोपऱ्यात ठेवली, ओले हात पुसले, चपला घातल्या. दारातून जाताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.