आखाजीचं तांबडं शीड

वैशाखातल्या वाऱ्याशी वाद घालू नये, हे काळंब्याच्या झिपरू भोयाला कुणी शिकवायची गरज नव्हती. शिंदखेड्याच्या बाजूला इंग्रजाने दुष्काळात बांधलेल्या त्या तलावावरच तो लहानाचा मोठा झाला. सकाळी पाणी परातीत ओतल्यासारखं गप्प असे. सूर्य माथ्यावर आला की पश्चिमेकडून वारा उठे, आणि मग पूर्वेच्या बोरखडीहून पश्चिमेच्या काळंब्याला परतणं म्हणजे भिंतीवर डोकं घासणं. म्हणून झिपरू अंधार फिटताच नाव घेऊन निघाला होता. धाकटी बहीण बेबा बोरखडीला दिलेली. पहिलटकरीण, सातवा महिना. आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, माहेरपण आणि त्याला लागूनच बाळंतपण, म्हणून मुऱ्हाळी होऊन तो तिला आणायला गेला.

बेबाची सासू शेवंताबाई मनाने चांगली, पण घाई कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं. झिपरू दारात बसून आभाळाकडे बघत होता आणि ती कढईपुढून हलायला तयार नव्हती.

"माय, ऊन चढनं," झिपरू म्हणाला. "दुपारनंतर वारा घर जाऊ देवाव नही."

"सांजोऱ्या तयी राहिनू," ती म्हणाली. "मनी सून माहेरले रिकामा हाते जाई का? लोके काय म्हनतीन?"

लोक काय म्हणतील, या एका धाकाने खानदेशात जेवढी कामं खोळंबली तेवढी पावसानेही खोळंबली नसतील. सांजोऱ्या झाल्या, ओटी भरली, शेजारणींचे निरोप झाले, आणि घाटावर येईतो सूर्य माथ्यावर आला होता.

त्या दिवशी, ऐन आखाजीला, उशीर होणं का वाईट, तेही सांगायला हवं. तलाव होण्याआधी दोन्ही गावांमध्ये नुसता नाला होता. आखाजीला गौराई बोळवली की अलीकडच्या बाया पलीकडच्या पुरुषांना नावं घेऊन शिव्या घालायच्या, पलीकडच्या त्या व्याजासकट परत करायच्या, आणि शिव्या संपल्या की पुरुष गोफणी काढायचे. नाला तलावात बुडाला, पण भांडण तरंगलं. आता दुपार कलली की एका गावाच्या नावा दुसऱ्या गावाच्या घाटावर चाल करून जात, आणि घाटावरचं निशाण उपटून आणलं की वर्षभर मिशीला पीळ. स्वराज्य आलं, फौजदार येऊन बंदीचा हुकूम वाचून गेला. दोन्ही गावांनी मान डोलावली आणि गोटे वेचायला माणसं धाडली. दर आखाजीला कुणाचं डोकं फुटे, कुणाचा डोळा जाई. हौसेला मोल नसतं म्हणतात. डोळ्याला असतं का, हे मात्र कुणी विचारत नसे.

बेबाचा नवरा पितांबर गोटे वेचायलाच पहाटे बुराई नदीच्या पात्रात गेला होता, तिथून तो थेट घाटावर येणार होता. बोरखडीत त्याच्यासारखा गोफणीचा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. बायको सकाळच्या गारव्यातच माहेरी पोचली असणार, असं तो धरून चालला होता.

झिपरूपुढे दोन वाटा होत्या. राहायचं, तर दुपारनंतर काळंब्याचा माणूस बोरखडीत सापडला म्हणून त्याची धिंड निघणार आणि नाव जाणार. निघायचं, तर वारा. त्याने वाऱ्याची वाट धरली. अजून पान हलत नव्हतं, आणि दंडात जोर होता. जोर असला की माणसाला अक्कल जरा कमीच पडते.

तलावाच्या मध्यावर आले असतील नसतील, पश्चिमेकडचं आभाळ तांबूस झालं. वारा नव्हे, वावधन उठलं होतं. काळंब्याच्या माळावरची सगळी माती उचलून ते पाण्यावर आलं. पहिल्याच फटक्याला झिपरूच्या हातातलं वल्हं वळलं. दुसऱ्याला नाव गरकन फिरली आणि सांजोऱ्यांची पाटी पाण्यात गेली. लाटा गुडघ्याएवढ्या, मग मांडीएवढ्या झाल्या. झिपरूने छाती फुटेस्तोवर वल्ही मारली, तरी काठ पुढे यायच्या ऐवजी मागे जात होता. शेवटी त्याने वल्ही आत ओढली.

"मांघे जानं पडी," तो म्हणाला. "बोरखडीलेच."

बेबा नावेच्या तळाशी पोटाभोवती हात घेऊन बसली होती. तिने मान डोलावली.

मागे जाणं तरी सोपं होतं का? पावसाळ्यात पूर्वेच्या काठाला कुठेही नाव लावावी. वैशाखात पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींचे खुंट वर येत, भाल्यांसारखे टोकदार. त्यांच्यातून मोकळी वाट एकच होती, बोरखडीच्या घाटापुढची, जेमतेम दोन नावांच्या रुंदीची. अशा वाऱ्यात नुसती वाहत गेली तर नाव आडवी होऊन खुंटांवर फुटणार. ती सरळ ठेवायची तर तिला वेग हवा, वेगाला शीड हवं. आणि काळंब्याची शिडं बाभळीच्या सालीत रंगवलेली, तांबडी. आखाजीच्या दुपारी, धुळीतून, बोरखडीच्या घाटावर तांबडं शीड येतंय याचा अर्थ त्या काठावर एकच होता.

झिपरूला हे कळत होतं. तरी त्याने अर्धं शीड चढवलं, मागचं वल्हं काखेत धरलं आणि नाव घाटाच्या तोंडाला लावली. ती सुसाट सुटली.

घाटावरचा ढोल आधी ऐकू आला, मग माणसं दिसली, मग पहिला गोटा आला. तो पाण्यात पडला. दुसऱ्याने डोलकाठीची साल काढली. तिसरा झिपरूच्या खांद्यावर बसला आणि हात बधिर झाला.

"दादा, त्या आपलेच मारी राहिनात," बेबा म्हणाली. "शीड पाडू का?"

"पाडू नको. शीड पडनं ते नाव आडवी व्हई, खुंटस्वर जाई. तू खाले वाक."

ती वाकली. पोटामुळे तिला पुरतं वाकताही येईना. गोटे आता गारांसारखे येत होते. एक झिपरूच्या कपाळावर लागला, भुवई फाटली आणि डाव्या डोळ्यात रक्त भरलं. उजव्या डोळ्याने तो खुंट बघत होता. डावीकडचा पहिला खुंट नावेला घासून गेला. आता वल्हं तसूभर सुटलं असतं तरी तिघांचाही निकाल लागला असता, कारण झिपरू पोटातल्यालाही धरूनच मोजत होता.

घाट जवळ आला तसा सगळ्यांच्या पुढे, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलेला पितांबर त्याला दिसला. बेबालाही दिसला. ती डोलकाठीला धरून उभी राहिली.

"बस खाले," झिपरू ओरडला.

तिने ऐकलं नाही. आधी तिने हात हलवले. मग "अहो" म्हणून हाक मारली, पण ढोल आणि वारा यांत अहो कुणाला ऐकू जाणार? तेव्हा तिने लग्न झाल्यापासून कधी केलं नव्हतं ते केलं. उखाण्यातही लाजत घेतलेलं नाव तिने गळ्याच्या शिरा ताणून घेतलं.

"पितांबर! ए पितांबर!"

पुढचं "मी बेबा शे" वाऱ्याने फाडून नेलं. नाव मात्र काठावर पोचलं. आणि काठ हसला. आखाजीच्या दिवशी पलीकडची बाई नाव घेऊन ओरडते ती शिवी घालायलाच, हे बोरखडीच्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. काळंब्याने यंदा नावेत बाई बसवून आणली म्हणून घाटावरच्या बायांनी दुप्पट शिव्या परत केल्या. वाऱ्याची धूळ सरळ काठावर येत होती, नावेतली तोंडं ओळखू येत नव्हती, आणि पितांबरला तर शंका यायचं कारणच नव्हतं. जगात कुणीही त्याचं नाव घेऊ शकत होतं, त्याची बायको सोडून. डोळ्यांतली धूळ पुसत त्याने गोफणीत गोटा घातला आणि डोक्यावर फिरवली.

झिपरूला ती फिरताना दिसली. वल्हं सोडून बहिणीपुढे आडवं व्हावं, असं त्याच्या सगळ्या अंगाने म्हटलं. पण उजवीकडे हातभर अंतरावर खुंट होते. त्याने वल्हं सोडलं नाही. गोटा बेबाच्या कानशिलावर बसला, खापर फुटल्यासारखा आवाज झाला आणि ती होती तशीच खाली बसली.

नाव खुंटांमधून अगदी सरळ, एकही फळी न उचकटता घाटाच्या वाळूवर चढली. वाईट वाऱ्यात इतकी चांगली नाव त्याने कधी लावली नव्हती.

निशाणाचे राखणदार काठ्या घेऊन धावून आले आणि नावेशी येऊन थबकले. ढोल वाजवणाऱ्याला मागून कुणीतरी गप्प केलं. पितांबर आत चढला. बेबाचे डोळे उघडे होते, पण बघत नव्हते, आणि कानातून रक्ताची बारीक धार गळ्यातल्या पोतीवर उतरत होती. त्याने तिला हलवलं. मग तो झिपरूकडे बघून म्हणाला, "तिनी मन्हं नाव लिधं. ती कशी नाव लेई?"

झिपरूने मागचं वल्हं खुंटीतून उपसलं. तो रडत होता आणि रक्ताने आंधळाही झाला होता, पण एवढ्या जवळून नेम धरायला डोळे कशाला लागतात? त्याने वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं. सोडवायला कुणी पुढे आलं नाही.

"थांब भाऊ," पितांबर म्हणाला. त्याचा हात बेबाच्या पोटावर होता. "आजून हाली राहिनं."

झिपरूने वल्हं खाली ठेवलं. गुडघे टेकून त्यानेही हात लावला. आत खरंच हालत होतं. एक जोराची लाथ, मग थोडी थोडी चुळबुळ, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. काठावर शेवंताबाई धावत आली होती, ती दाईला हाका मारत होती. दाई म्हातारी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोघे पुरुष एकाच पोटावर हात ठेवून बसले. कुणाला काय करायचं ते कळत नव्हतं, आणि दोघेही श्वास धरून होते. हाताखालचं हळू होत गेलं. मग बराच वेळ काही नाही. मग एकदा, अगदी हलकं.

त्यानंतर काही झालं नाही. तरी ते थांबले. दाई आली, तिने हात लावला आणि पदर तोंडाशी नेला.

पितांबर तसाच गुडघ्यांवर राहिला. त्याने डोक्याचा रुमाल काढून बाजूला ठेवला आणि मान खाली घातली.

झिपरूने वल्हं उचललं.