डावं पान

भिंगकाकांच्या छापखान्यात दोन प्रकारच्या पत्रिका छापल्या जात. एक लग्नाची आणि दुसरी गणिताची. मालकीणबाईंच्या मते दोन्हींत फारसा फरक नव्हता. दोन्ही घाईत मागत, दोन्हींत आयत्या वेळी बदल होत आणि चूक झाली की रडारडही सारखीच. फक्त गणिताच्या पत्रिकेला जेवायला कुणी येत नसे.

काका तिथले जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी लावायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. डोळ्याला सदानकदा भिंग, म्हणून भिंगकाका. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ती वही मालकीणबाईंनाच कधी वेळेवर सापडत नसे.

गणिताची पत्रिका विद्यापीठातल्या सरांची. वर्षातून दोन अंक निघत. सरांच्या हाताखाली सात-आठ जण शिकत, आणि त्यांच्यातली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी म्हणजे थोरली. ती आता स्वतः शिकवत होती, कानशिलावर पांढरे केस आले होते, तरी सरांच्या खोलीत ती थोरलीच. गाण्यात असतात तशी गणितातही घराणी असतात, हे काकांच्या पहिल्या दोन अंकांतच लक्षात आलं होतं. या घराण्याची माणसं दर दुसऱ्या वाक्याला ‘समजा’ म्हणत. काकांनी ‘समजा’ हा शब्द आख्खा जुळवून, दोऱ्यानं बांधून, डझनभर तयारच ठेवला होता.

गोष्ट सुरू झाली ती सरांच्या चव्वेचाळीस कागदांच्या एका लेखापासून. काकांनी कागद चाळले, एक वळणदार अक्षर मोजलं आणि भिंग काढून ठेवलं. ते अक्षर एकेका पानात सत्तर वेळा होतं. खिळ्यांच्या पेटीत त्या अक्षराच्या घरात खिळे होते सव्वीस. काका सायकल काढून विद्यापीठात गेले.

“सर, हे अक्षर पुरणार नाही.”

“दुसरं एखादं घ्या मग.”

“बाकीची सगळी तुम्हीच वापरून टाकलीत.”

सरांनी कागद उलटेपालटे करून पाहिले. खरंच वापरली होती. मग ते खिडकीबाहेर बघत बसले. ही त्यांची विचार करायची पद्धत होती आणि ती तासभर चालू शकते हे काकांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खिशातून एक खिळा काढून टेबलावर ठेवला. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात छापतात ते छोटं पान, देठासकट.

“हे आपल्याकडे दोन किलो आहे,” काका म्हणाले. “उजवीकडे झुकलेलंही आहे आणि डावीकडे झुकलेलंही.”

सरांनी खिळा हातात फिरवला. “उजवं घ्या,” ते म्हणाले. “दिसायला वाईट नाही.”

असं पान गणितात शिरलं. प्रत्येक पानावर सत्तर पानं, असा प्रकार झाला. मालकीणबाईंनी पहिलं प्रूफ पाहिलं आणि विचारलं, “मुलाकडच्यांचं नाव राहिलं का?”

एकतिसाव्या पानावर उजवी पानंही संपली. आधीच्या पानांचा जुळवलेला फर्मा अजून मशीनवरच होता. तो सुटेपर्यंत जागा अडवायला म्हणून काकांनी डावं पान लावून ठेवलं, मग जेवायला गेले, जेवून आल्यावर खोकल्याच्या औषधाची लेबलं निघाली, आणि डावं पान राहिलं ते राहिलंच. तसंच प्रूफ सरांकडे गेलं.

तिसऱ्या दिवशी सर स्वतः छापखान्यात आले. उन्हासाठी घेतलेली छत्री आत आल्यावरही त्यांच्या डोक्यावर उघडीच होती.

“एकतीस पानावर, खालून चौथ्या ओळीत, डावं पान आहे.”

काकांचा चेहरा पडला. “चुकलं, सर. आत्ता बदलतो.”

“हात लावू नका.”

“पण चूक आहे ती.”

“चूकच आहे,” सर म्हणाले. “मी ती खोडायला पेन उचललं आणि वाटलं, पान उलटं वळलंय तसं सिद्धतेतही उलट्या बाजूनं खरंच जाता आलं तर? दोन दिवस बसलो. जाता येतं, काका. आणि निम्म्या गोष्टी गृहीत न धरता जाता येतं. मला सहा पानं वाढवून हवीत.”

अंक महिनाभर लांबला. शेवटची सहा पानं सगळी डाव्या पानांची होती. त्या दिवशी मात्र मालकीणबाईंनी छत्री मिटून सरांच्या हातात दिली आणि सर परत गेले.

अंक छापून झाला की साठेक प्रती परदेशी जात. त्या देशांतल्या विद्यापीठांची अशीच आपापली नियतकालिकं होती. तुमचा अंक आम्हाला, आमचा तुम्हाला, अशी अदलाबदल. थोरली लेखांचं भाषांतर जोडी, पत्ते लिही, काका पुडकी बांधत. वाया गेलेले कागद काकू घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरत. तिथे डाळीच्या डब्याखाली एक आख्खा सिद्धांत होता आणि त्याला तेलाचा डाग पडला होता.

मग तीन वर्षं काहीच झालं नाही. गणितात याला उशीर समजत नाहीत.

चौथ्या वर्षी थोरली एक परदेशी अंक घेऊन छापखान्यात आली. भाषा अशी, की तिलाही अर्धीच कळत होती. तिनं एक पान उघडून काकांच्या नाकासमोर धरलं. त्या अनोळखी अक्षरांच्या गर्दीत, ओळीच्या मधोमध, पान होतं. डावं.

काकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

“देठ लांब केलाय,” शेवटी ते म्हणाले. “मुद्दाम ओतून घेतलंय यांनी.”

“काका, तिकडे सहा जण यावर काम करतायत! सहा जण!”

“शाई बरी वापरतात,” काका म्हणाले. पण त्या दिवशी घरी जाताना ते सायकलवर बसायचं विसरले आणि ती हातात धरून चालतच गेले. जेवताना त्यांनी काकूंना सांगितलं, की कुठल्याशा देशात कुणीतरी आपलं पान बघून तसंच पान घडवलं. काकू म्हणाल्या, “आपलं म्हणजे लग्नाचंच ना?” काका हो म्हणाले.

पुढे पानं येतच राहिली. एका देशात लांब देठाचं, दुसऱ्यात देठच नाही असं, तिसऱ्या ठिकाणी खिळाच नव्हता म्हणून प्रत्येक प्रतीत हातानं शाईनं काढलेलं. काकांना हळूहळू असं लक्षात आलं, की पानावरून माणसं ओळखता येतात. कुणाचा अंक कुणी वाचला, कोण कुणाकडे शिकलं, हे सगळं देठात होतं. थोरलीला ते खरं वाटेना. तिनं एकदा आठ अंक आणले, लेखकांची नावं कागदानं झाकली आणि काकांना बसवलं.

“हा लांब देठवाल्यांचा चेला,” काका सांगत गेले. “हाही. हा आपला अंक वाचून थेट शिकलाय. हा लांब देठवाल्यांकडे होता, पण आता बिनदेठवाल्यांत गेलाय.”

सात बरोबर आले. आठवा चुकला असं थोरली म्हणाली. महिन्यानं तिला कळलं, की त्या माणसानं खरंच विद्यापीठ बदललं होतं. तिनं येऊन काकांची माफी मागितली. काका म्हणाले, “देठ कापलेला दिसत होता, बाळ.”

डाव्या पानाच्या पहिल्या अंकाला अकरा वर्षं झाली तेव्हा एका मोठ्या, गलेलठ्ठ नियतकालिकात लेख आला. जगभर वाचतात असं ते नियतकालिक. त्यात छापलं होतं, की डाव्या पानाची कल्पना लेखकाच्याच घराण्यात जन्मली, वर्गात फळ्यावर ती कितीतरी वर्षं वापरात आहे, आणि ती खूण पहिल्यांदा कुणी काढली ते आता सांगता येणार नाही. सरांचा उल्लेख कुठेच नव्हता.

सरांनी लेख वाचला आणि घडी घालून ठेवला. “होऊ शकतं,” ते म्हणाले. “एकच गोष्ट दोघांना सुचू शकते.” पण त्यानंतर तीन आठवडे त्यांनी खडू हातात घेतला नाही. वर्गात खुर्चीत बसून बोलत. खिडकीबाहेर मात्र बघत नसत, आणि ते थोरलीच्या लक्षात आलं.

ती जुने अंक शोधायला छापखान्यात आली, आणि येता येता तो गलेलठ्ठ अंक रागानं काकांच्या टेबलावर आपटला. काकांनी तो सरळ केला, भिंग लावलं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग उठून खिळ्यांच्या घरातून मूठभर पानं आणली आणि एकेक तपासून ओळीत मांडली.

“टोक बघ,” ते म्हणाले.

“काय आहे टोकाला?”

“तुटलंय. केसाएवढं. आपला साचाच तसा आला होता, म्हणून आपल्या प्रत्येक पानाचं टोक तुटकं आहे. आता यांचं बघ.”

थोरलीनं भिंग घेतलं. गलेलठ्ठ नियतकालिकातल्या प्रत्येक पानाचं टोक, त्याच जागी, तेवढंच तुटकं होतं.

“यांनी ओतलेलं नाही,” काका म्हणाले. “आपल्या छापलेल्या पानाचा फोटो काढून ठसा केलाय. वर्गात सुचलं असतं तर टोक शाबूत असतं.”

मालकीणबाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. “एक मिनिट. म्हणजे इतकी वर्षं आपण लोकांच्या लग्नपत्रिकांवर तुटकी पानं छापतोय?”

“कुणी तक्रार केली नाही, बाई.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“लग्नात कोण भिंग घेऊन येतं?”

थोरलीनं त्याच दिवशी पत्र लिहिलं. दोन्ही पानं मोठी करून शेजारी शेजारी चिकटवली आणि खाली एकच ओळ लिहिली, की टोक पाहावं. आरोप एकही केला नाही. सर म्हणाले, “त्यांचा अपमान तर होणार नाही ना?” थोरली म्हणाली, “होऊ दे थोडा.”

उत्तर यायला चार महिने लागले. तिकडचे संपादक म्हातारे आणि सरळ निघाले. त्यांनी ठसा करणाऱ्यालाच गाठलं होतं. त्याला आठवत होतं. दहा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं वाचनालयातून कुठल्याशा लांबच्या देशाचा अंक आणला, एकतिसावं पान उघडलं आणि ‘ही खूण करून दे’ म्हणाला. तो विद्यार्थी आता त्या घराण्याचा प्रमुख होता. लबाडी त्यानं केली नव्हती. इतकी वर्षं फळ्यावर ते पान काढून काढून ते आपल्याच हातातून उगवलं असं त्याला प्रामाणिकपणे वाटू लागलं होतं. विचारल्यावर त्यानं स्वतःच दोन ओळींची दुरुस्ती लिहून दिली. ती पुढच्या अंकात आली. सरांचं नाव, अंक, पृष्ठ एकतीस.

सरांनी त्या दोन ओळी उभ्यानंच वाचल्या. “पृष्ठ बरोबर दिलंय,” ते म्हणाले. मग खडू मागितला, आणि दोन फळे भरेपर्यंत थांबले नाहीत.

आपल्या अंकासाठी त्यांनी पानभर टिपण लिहिलं. त्यात डावं पान कसं सुचलं ते जसंच्या तसं सांगितलं, खिळे संपल्यापासून, आणि शेवटी छापखान्याच्या जुळाऱ्याचे आभार मानले. काकांनी ते जुळवायला घेतलं आणि एक ओळ जास्त झाली. पानात बसेना. त्यांनी आभाराच्या ओळीकडे हात नेला.

“काय करताय?” मालकीणबाईंनी विचारलं.

“ओळ वाढतेय, बाई. ही काढली तर बसतं.”

मालकीणबाईंनी पान वरून खाली वाचलं. सरांच्या नावाखाली त्यांच्या पदव्यांची एक ओळ होती. “ही काढा,” त्या म्हणाल्या.

“सरांच्या पदव्या?”

“त्या त्यांच्याकडे आहेतच की.”

काकांनी सरांना निरोप पाठवून विचारलं. सरांचं उत्तर आलं, की पदव्यांची ओळ आहे हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तो अंक साठ ठिकाणी गेला. सहा महिन्यांनी काकांच्या नावानं, म्हणजे ‘जुळारी, छापखाना’ अशा पत्त्यावर, परदेशातून पत्र आलं. थोरलीनं वाचून दाखवलं. लिहिणारा गलेलठ्ठ नियतकालिकाचा जुळारी होता. त्यांनीही आता ठसा सोडून पानाचे खिळे ओतून घेतले होते. पण मशीन फिरलं, की पान वर उचललं जातं आणि शेजारची अक्षरं पुसट उमटतात. टिपण वाचून त्याला वाटलं, की तुम्हाला विचारावं. तुमचं पान इतकी वर्षं जागेवर कसं राहतं?

काकांनी दोन दिवस सुट्टी घेतली. एवढ्या वर्षांत ही त्यांची पहिलीच. दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद घेऊन ते परत आले. त्यात देठाच्या बाजूनं पातळ कागदाची पट्टी कशी सारायची, ती कोणत्या कागदाची, किती रुंद, ओली की कोरडी, हे सगळं होतं. बाजूला चित्रंही होती. थोरलीला त्याचं भाषांतर करायला आठवडा लागला. सरांच्या लेखाला कधी इतका वेळ लागला नव्हता, असं ती म्हणाली.

उत्तर या वेळी तीन आठवड्यांत आलं. एवढासा कागद, एकच वाक्य. थोरली छापखान्याच्या दारातच ते वाचून हसली.

“काय म्हणतो?” काकांनी विचारलं.

“म्हणतो, पान आता हलत नाही.”

“कोरडी पट्टी वापरली असणार,” काका म्हणाले, आणि दुपारपर्यंत द्यायच्या होत्या त्या औषधाच्या लेबलांकडे वळले. थोरली निघाली तेव्हा त्यांनी तिला हाक मारली. पत्र त्यांना हवं होतं. घरी काकूंना दाखवायचं होतं.