शाळेच्या मिठाचा डबा

तान्ह्या पोळ्याला आमच्या भातकुलीकडच्या गावात पोरं लाकडी बैल सजवून तोरणामागे रांगेत उभे करतात; तोरण तोडून बैल सोडतात आणि बक्षीस देतात ते देवराव. शाळा समितीचे अध्यक्षही तेच. मी, आशाबाई, शाळेत खिचडी शिजवते, म्हणजे माझी चूलही त्यांच्याच हातात.

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी शाळेतल्या माधवी मॅडमनी पोरांना आणि आम्हा आयाबायांना एकत्र कामाला लावलं. शाळेमागच्या नाल्यात सारा गाव फवारणीचे पंप धुतो आणि औषधाचे रिकामे डबे तिथेच फेकतो. आम्ही मोठ्यांनी हातमोजे घालून डबे काढले, पोरांनी त्यांवरचं वाचून दाखवलं. लाल चौकट म्हणजे जहाल विष. डोळे असून आम्ही आंधळे! सातवीतली प्रणाली म्हणाली, असा डबा दहादा धुतला तरी घरात वापरू नये. मी मान खाली घातली.

तान्ह्या पोळ्याला प्रत्येक लाकडी बैलामागे गाडी आणि गाडीत पिशवीत बांधलेले डबे. देवराव भडकले. पाहुण्यांसमोर गावाची अब्रू काढता का, म्हणाले. डबे काढा, नाहीतर मॅडमची बदली. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. मग ते माझ्याकडे वळले.

"आशाबाई, तुमी सांगा पोरायले. तुमाले शाळेत राहाचं हाय ना?"

राहायचंच होतं. घरात दुसरी कमाई नाही. पण मला राग आला, आणि खरं सांगते, आधी माझाच आला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मला ती मूठ आठ दिवस टोचत होती. मी शाळेच्या स्वयंपाकखोलीत गेले, फळीमागे दडवलेला औषधाचा पांढरा डबा आणला आणि सगळ्यांसमोर धरला.

"हा माहा हाय. दोन वर्सं शाळेचं मीठ याच्यातच ठेवलं मी. तुमच्या नातवानंबी तेच खाल्लं, देवरावभाऊ."

आयांच्या चेहऱ्यांकडे मला पाहवेना. प्रणालीनं पिशवी उघडी धरली, मी डबा आत टाकला. उद्यापासून येऊ नका, एवढं बोलून देवराव तोरण न तोडताच निघून गेले. पोरं तोरणाखालून वाकून बैल घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी दहाला मी शाळेत गेलेच. काखेत काचेची नवी बरणी, मिठानं भरलेली. दारात आया बसल्या होत्या. प्रणालीच्या आईनं बरणी घेतली, चहूबाजूंनी पाहिली, मला परत दिली आणि दारातून बाजूला सरकली.

मग मी चूल पेटवली.