राहत होती, एवढंच लिहायचं होतं

जालन्यात नव्या वसाहतीत द्वारकाबाईंचं दुमजली घर आहे. खाली त्या, मुलगा हरिओम, सून आणि नातू. वर भाड्याची एक खोली. आपल्याकडे घर बांधताना वरची खोली भाड्यासाठी काढायची रीतच झाली आहे. पण त्या खोलीत कोण राहतं, हे पोलिसांना कळवायची रीत मात्र अजून कुणी पाडलेली नाही!

दोन वर्षांपूर्वी या खोलीत नीमा राहायला आली. टांझानियाची. बियाण्यांचं शास्त्र शिकायला एका खाजगी कॉलेजात आली होती. परदेशी माणूस घरात ठेवला तर चोवीस तासांत पोलिसांना कळवावं लागतं, हे हरिओमला ठाऊक होतं. तो स्टीलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, अडाणी नाही. पण त्याने आईला सांगितलं, "कोण चकरा मारतंय ठाण्याच्या? कुणी इचारलं तर सांग, पाहुणी हाय."

द्वारकाबाईंनी दोन वर्षं तसंच सांगितलं. शेजारच्या कांताबाईंना सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, मतदार याद्या तपासायला आलेल्या मास्तरांनाही सांगितलं. भाडं घेतलं, आणि पाहुणी म्हटलं.

नीमाची परीक्षा झाली. कॉलेजने कागद द्यायला उशीर केला आणि तेवढ्यात तिचा व्हिसा संपला. व्हिसा संपलेल्या माणसाला विमानतळावरून नुसतं जाता येत नाही. देश सोडायलाही परवाना लागतो, आणि त्या अर्जाला पत्रं जोडावी लागतात. कॉलेजचं पत्र कसंबसं मिळालं. राहिलं घरमालकाचं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही बाई आमच्या घरी राहत होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. चार ओळी.

त्याच आठवड्यात तिकडे नीमाची आई वारली. नीमाची सहा वर्षांची मुलगी आजीपाशी असायची. आता मुलगी शेजाऱ्यांकडे झोपत होती. नीमाने हे द्वारकाबाईंना सांगितलंही.

"मावशी, लेटर?" नीमा रोज सकाळी जिन्यात उभी राहून विचारायची.

"हरिओमला इचार."

"दादा म्हणतो, आईला विचार."

"मंग थांब जरा! तुझ्या एकटीचंच काम हाय का आम्हाला?"

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सुनेने वरच्या टाकीचा कॉक बंद केला. द्वारकाबाईंना ते दिसलं. तरी नीमा बादली घेऊन खाली आली तेव्हा त्यांनी आतून कडी लावली. कांताबाई फाटकापाशी उभ्या राहून मोठ्यांदा म्हणाल्या, "काळी पाहुणी ठेवायची लई हौस व्हती ना! आता निस्तरा." वसाहत हसली. नीमाला मराठी कळत होती. ती रिकामी बादली घेऊन जिना चढली.

त्या संध्याकाळी हरिओमने एक टाइप केलेला कागद आईपुढे ठेवला.

"हितं सही कर. उद्या एसपी ऑफिसात द्यायचाय. तिच्या अर्जावरून त्यांचा फोन आल्ता."

द्वारकाबाईंनी चष्मा लावला. 'सदर परदेशी महिला आमच्या घरी कधीही वास्तव्यास नव्हती.'

"अरे, पण ती तर…"

"राहत व्हती म्हणून लिहून दिलं तर आपल्यालाच धरतील! दोन वर्षं कळवलं न्हाई आपण. माझी नोकरी घालवायची का तुला?"

नोकरीचं नाव निघालं आणि द्वारकाबाईंनी पेन उचललं. त्यांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोट्याखाली आपलं नाव लिहिलं.

तेवढ्यात दार वाजलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या बेबीनंदाबाई आल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. नीमा त्यांच्याकडून पाणी न्यायला गेली होती, तेव्हा त्यांना सगळं समजलं होतं.

"द्वारकाबाई, पोरीच्या पत्राचं काय झालं?"

"झालं की," हरिओम म्हणाला आणि घाईघाईने कागद घडी घालू लागला. बाईंनी हात पुढे केला. चाळीस वर्षं पोरांच्या मुठीतल्या चिठ्ठ्या काढून घेतलेला तो हात. हरिओमने नकळत कागद दिला.

बाईंनी तो उभ्यानेच वाचला.

"हे गेलं तर तिचं काय होईल, ठाऊक आहे? तिच्या अर्जात पत्ता तुमचा आहे. साहेब विचारतील, मग दोन वर्षं होतीस कुठे? खोटा पत्ता दिला म्हणून आणखी एक गुन्हा. परवाना तर गेलाच, चौकशी संपेपर्यंत पोरगी इथेच अडकली. आणि तिकडे तिचं लेकरू?"

"मॅडम, तुमचं काय जाऊन राह्यलं?" हरिओम उसळला. "तुमच्या लोकायला बराबर पुळका येतो सगळ्यायचा. आमच्या घरात बोट घालू नका!"

'तुमच्या लोकायला' म्हणजे कोणाला, हे तिघांनाही समजलं होतं. द्वारकाबाईंनी मान खाली घातली. मुलाला गप्प मात्र केलं नाही.

बेबीनंदाबाई खुर्चीवर बसल्या.

"माझ्या लोकांचंच सांगते मग. नोकरीला लागले तेव्हा आम्ही अंबडला भाड्याने होतो. सहा वर्षं. घरमालक भला माणूस; भाऊबीजेला ओवाळून घ्यायचा. रेशनकार्डासाठी 'हे कुटुंब माझ्या घरी राहतं' असं लिहून मागितलं, तर म्हणाला, बाई, राहा की, राहायला कोण नाही म्हणतंय? पण बौद्धाचं घर माझ्या वाड्यात आहे, हे कागदावर नको. तीन वर्षं रॉकेल काळ्या बाजारातून आणलं मी. एकदा शाळेच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना माझ्या पोरीने विचारलं, आई, आपण राहतो कुठे? काय सांगू तिला? ज्याचं भाडं भरतो त्या घरातही आपण राहत नाही म्हणून?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच तो जास्त लागला.

"आन् गुन्हा आमच्यावर झाला मंग?" द्वारकाबाईंनी हळूच विचारलं.

"होईल कदाचित. कळवलं नाहीत, त्याचा जबाब द्यावा लागेल. पण ती चूक तुमची आहे, द्वारकाबाई. तिच्या डोक्यावर का ठेवता? दोन वर्षं जगाला पाहुणी म्हणून सांगितलंत. पाहुण्याला असं वाटेला लावतात का आपल्यात?"

हे ऐकलं आणि द्वारकाबाईंना भोकरदनकडचं माहेर आठवलं. वडील आठवले, कडूबा. साठ वर्षं झाली असतील त्या गोष्टीला. त्या वेळी एसटी सकाळ-संध्याकाळ एकेकदाच यायची. चुकली की वाटसरू त्यांच्या ओसरीवर मुक्काम करायचा. जात कोणती, गाव कोणतं, वडील जेवण झाल्यावर विचारत. कधी विचारतही नसत. पण सकाळी त्याच्याबरोबर शिवेपर्यंत चालत जात आणि पुढच्या गावच्या जागल्याला, म्हणजे राखणदाराला, हाक मारून सांगत, "हा काल माझ्या घरी व्हता. जाऊ दे याला." एवढ्या शब्दावर अनोळखी माणूस चार गावं बिनघोर ओलांडायचा. वडिलांना अक्षरओळख नव्हती. लेकीला चौथीपर्यंत शिकवलं ते त्यांनीच, आणि त्या शिक्षणाचा आज हा उपयोग!

"दे तो कागद," त्या म्हणाल्या.

बेबीनंदाबाईंनी दिला. द्वारकाबाईंनी तो मधोमध फाडला, पुन्हा फाडला.

"आई! येडी झाली का तू?"

"घर माझ्या नावावर हाय, सही माझी हाय, जबाबही मीच देईन! आन् हरिओम, बाईंची माफी माग."

हरिओमने माफी मागितली नाही. दार आपटून तो निघून गेला. "त्याच्या वतीने मी मागते," द्वारकाबाई म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "तुमची घेतली. त्याची त्यालाच मागावी लागेल."

मग द्वारकाबाईंनी नातवाच्या वहीतलं पान घेतलं आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'नीमा ही दोन वर्षं माझ्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. तिच्याबद्दल काही तक्रार नाही. आम्ही पोलिसांना कळवलं नाही, ही चूक आमची आहे, तिची नाही.' दुसरं पत्र शेजारी म्हणून बेबीनंदाबाईंनी लिहिलं. त्या रात्री वरच्या टाकीत पाणी चढलं.

दुसऱ्या दिवशी दोघी नीमाला घेऊन एसपी ऑफिसात गेल्या. तिथे कुणी शाबासकी दिली नाही. टेबलामागच्या फौजदारबाई कडाडल्या, "दोन वर्षं झोपल्ता काय? उद्या या पोरीचं काही बरंवाईट झालं असतं, तर आम्ही शोधायचं कुठं?" द्वारकाबाईंना जबाब लिहून द्यावा लागला, नोटीस घ्यावी लागली. हरिओम महिनाभर आईशी बोलला नाही. त्याची नोकरी मात्र जागच्या जागी राहिली. भीती केवढी होती, आणि निघालं किती!

पंधरा दिवसांनी परवाना आला. नीमा बॅग घेऊन जिना उतरली. द्वारकाबाईंनी फडक्यात धपाटे बांधून ठेवले होते. नीमाने ते घेतले नाहीत.

"मावशी, तुम्ही लिहिलं, थँक्यू," ती सावकाश म्हणाली. "पण माझी मुलगी इतके दिवस दुसऱ्याच्या घरी रडली. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही दार लावलं."

ती रिक्षात बसली. रिक्षा वळणापलीकडे गेली. फडकं हातातच राहिलं.

वाचकहो, नीमा आपल्या लेकीपाशी पोचली. द्वारकाबाईंना तिची माफी मिळाली नाही, आणि ती मिळावी असं आपणही म्हणू नये. आपण चहा देतो, सणाला ताट देतो आणि स्वतःला भले समजतो. पण अडलेल्या माणसाला दोन ओळी खऱ्या लिहून द्यायची वेळ आली की आपली लेखणी आखडते. घरात माणूस ठेवाल तर त्याच दिवशी कळवा. खरं लिहायचं असेल तर वेळेवर लिहा. उशिरा लिहिलेल्या खऱ्याने माणसाची वाट मोकळी होते, पण तोवर त्याने काढलेले दिवस कुणालाच परत देता येत नाहीत.