शेंडा देवाला, मूळ बांधावर

मार्सेलिनाने खुरप्याचं टोक मातीत खुपसलं, हरळीची मुळी बोटाला गुंडाळली आणि जोर लावून ओढली. मुळी अर्ध्यातच तुटली. आत राहिलेली अर्धी आता दुप्पट जोमाने वर येणार, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"मर मेले," ती म्हणाली. हरळी काही मेली नाही.

बोरिवलीच्या गावठाणामागचा, विहिरीला लागून असलेला हा तुकडा तिच्या बापाने तिला लग्नात दिलेला. आईबाप गेले, घर भावांनी विकलं. आता तेवढंच तिचं माहेर उरलं होतं. पण दोन पावसाळे तिचे गुडघे धरले आणि तेवढ्या अवधीत हरळीने सगळे वाफे गिळले. अर्बन, तिचा नवरा, कारखान्यात फिटर होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. नाताळापर्यंत इथे वांगी उभी दिसली तर ठीक, नाहीतर तुकडा चंद्रप्रकाश दलालाला देऊन मोकळं व्हायचं. अर्बन काही वाईट माणूस नव्हता. बायकोला रांगत रांगत खुरपताना त्याला बघवत नव्हतं, इतकंच.

मार्सेलिनाच्या तोंडी 'हरळी' ही शिवी होती. नणंद ट्रंक घेऊन मुक्कामाला आली की ती हरळी. दलाल कुंपणापाशी दिसला की, "आली हरळी!" एकदा आली की जायचं नाव घेत नाही, ती हरळी.

त्या दिवशी मात्र कुंपणापाशी दलाल नव्हता. पलीकडच्या नव्या चाळीतली प्रेमा हातात तबक घेऊन उभी होती.

"मावशी, जरा दूर्वा काढू? उद्या गणपती बसतलो. ह्या वर्षी गावाक जाऊक नाय मिळाला. ह्यांका मिलमध्ये रजाच नाय."

"दूर्वा? ही हरळी गो! काढ की. सगळी ने. तुझ्या देवाचं भलं होईल नि माझंपण."

प्रेमा उकिडवी बसली आणि नखाने तीन पात्यांचे कोवळे शेंडे खुडू लागली. मार्सेलिना थोडा वेळ बघत राहिली. शेंडे खुडून हरळीचं काय जाणार होतं? आठवड्यात पुन्हा होती तेवढी.

"ए बाय, असं नाय. शेंडा तुझ्या देवाला, मूळ माझ्या बांधावर. उपटूनच घ्यायची. ह्या वाडीची तीच रीत हाय."

ही रीत तिने त्याच क्षणी काढली होती. प्रेमाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे, आणि खुदकन हसली. तबक बाजूला ठेवून तिने पदर खोचला, खुरपं मागून घेतलं. शेतकऱ्याची लेक ती. लग्न करून चाळीत आल्यापासून हाताला माती लागली नव्हती. तिने मुळीचा माग काढत हात चिखलात घातला आणि न तुटलेली, भली लांब मुळी ओढून वर काढली. तिला इतका आनंद झाला की तबकातल्या दूर्वा ती विसरूनच गेली.

"आमच्यात आशीर्वाद देतत, हरळीसारखो वंश वाढू दे म्हणून."

"तो मला नको गो देऊ. देशील तर त्या वांग्यांना दे."

दुसऱ्या दिवशी प्रेमाबरोबर सुलक्षणा आली. तिसऱ्या दिवशी निम्मी चाळ. ज्यांच्याकडे गणपती होता त्या आल्या, नव्हता त्याही आल्या. गणपती विसर्जनाला गेले, दूर्वांचं निमित्त संपलं, तरी दुपारची भांडी घासून झाली की बायका खुरपी घेऊन हजर. हसणं-खिदळणं पार गावठाणापर्यंत ऐकू जायचं.

"आली बघ तुझी हरळी," अर्बन कामावरून येऊन म्हणायचा.

"येऊ दे," मार्सेलिना म्हणायची आणि चहाचं पातेलं मोठं घ्यायची.

बांधावर मुळ्यांचे ढीग वाळून कोळ झाले. वांग्याची रोपं लागली. नाताळात झाडं फळांनी वाकलेली पाहून चंद्रप्रकाश दलाल चहा प्यायला आणि निघून गेला. अर्बनने पुन्हा विषय काढला नाही. मार्सेलिनाने नाताळच्या फराळाचं ताट चाळीत स्वतः नेऊन दिलं. जिना चढायला गुडघे कुरकुरले, पण तिने त्यांचं ऐकलं नाही.

पुढच्या भाद्रपदात प्रेमा तबक घेऊन आली आणि कुंपणाशीच थबकली. वाफे कसे आरशासारखे लख्ख. औषधालाही हरळी नव्हती. मागोमाग सुलक्षणा आली, आणखी दोघी आल्या, सगळ्यांची तबकं रिकामी.

"वाट लागली," प्रेमा म्हणाली. "मावशी, आपण सगळीच काढली गो. आता बाप्पाक काय घालू?"

मार्सेलिना गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि विहिरीकडे निघाली. विहिरीपाशी तिच्या आजोबांच्या वेळचा क्रूस होता, चुन्याने रंगवलेला. त्याच्या पायाशी विटा लावून केलेल्या वाफ्यात हरळी माजली होती. हिरवीगार, कोवळी, पाणी प्यायलेली.

"जन्म गेला हिचा हरळी उपटण्यात," विहिरीच्या कठड्याला टेकून उभा असलेला अर्बन म्हणाला, "नि उन्हाळाभर मला पाणी ओढायला लावलं ह्या हरळीसाठी. गावात तोंड दाखवायची सोय नाय."

प्रेमाने चपला काढल्या. डोळ्यांत आलेलं पाणी पदराने पुसून ती क्रुसाच्या पायाशी वाकली. हाताला सवय झाली होती. बोटं सरळ मुळाशी गेली.

"ए!" मार्सेलिना ओरडली. "मुळाला हात लावायचा नाय. नुसता शेंडा घ्यायचा. ह्या वाडीची तीच रीत हाय."